मातीवर लिहिलेले हिशेब

आपल्याकडच्या जुन्या वाङ्मयात बाबिलोन येते ते एका कावळ्याच्या पायी. पाली जातकांत ‘बावेरु जातक’ नावाची एक छोटी कथा आहे. इकडचे काही व्यापारी गलबतावर दिशा दाखवायला ठेवलेला कावळा घेऊन बावेरु देशात जातात. तिथे म्हणे पक्षीच नसतात. लोक कावळ्याचे रूप पाहून हरखतात, भाव वाढवत वाढवत त्याला शंभर कार्षापणांना विकत घेतात, सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवतात आणि फळे-मांस खाऊ घालतात. पुढच्या खेपेला तेच व्यापारी चुटकी वाजवली की ओरडणारा आणि टाळी वाजवली की नाचणारा मोर नेतात. मोर हजारावर जातो आणि कावळ्याला कोणी विचारीनासे होते. कथेचा रोख धार्मिक आहे. बुद्ध आल्यावर इतर पंथांच्या साधूंचा मान कसा गेला, हे तिला सांगायचे आहे. बावेरु म्हणजे बाबिलोन, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

बाबिलोनमध्ये पक्षी नव्हते ही अर्थातच थाप आहे. पण त्या दूरच्या देशाबद्दल कथाकाराच्या लक्षात काय राहिले? मनोरा नाही, राजा नाही, देव नाही. राहिली ती घासाघीस. माल कोणी आणला, किती मागितले, कितीला सुटला. बाबिलोनच्या लोकांनी स्वतःबद्दल जे लिहून ठेवले आहे ते वाचले, तर कथाकाराने नेमके बोट ठेवले होते असेच वाटते.

प्राचीन इराकमधल्या मातीच्या पाट्या आज जगभरच्या संग्रहालयांत काही लाखांच्या संख्येने आहेत. ओल्या मातीची हातात मावेल एवढी पाटी, तीवर बोरूच्या टोकाने उमटवलेल्या पाचरीसारख्या खुणा, मग ती उन्हात वाळवायची. यांतल्या महाकाव्यांच्या आणि राजाज्ञांच्या पाट्या मोजक्या. बाकीचा ढीग पावत्यांचा, गहाणखतांचा, भाडेपट्ट्यांचा, वाटणीपत्रांचा, साक्षीदारांच्या नावांच्या यादीचा आणि रागावून लिहिलेल्या पत्रांचा. या समाजात राजवाड्याच्या दरवाजातून शिरू नये, दुकानाच्या बाजूने शिरावे, असे माझे मत आहे. या पुस्तकाची रचनाही त्याच मताने केली आहे.

ऊर शहरातल्या एका तांब्याच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याचे नाव एआ-नासिर, काळ इ. स. पू. १७५० च्या आसपासचा. लिओनार्ड वूलीने १९२२ ते १९३४ या काळात ऊरचे उत्खनन केले, तेव्हा एआ-नासिरच्या नावची पत्रे मिळाली. त्यांतले नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाचे पत्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नान्नीची तक्रार अशी, की चांगल्या तांब्याचा शब्द देऊन हलक्या लगडी दाखवल्या, माझ्या माणसाला घ्यायच्या तर घे नाहीतर जा असे सुनावले, शत्रूच्या मुलखातून तो रिकाम्या हाताने परत आला. यापुढे मी माझ्याच अंगणात एकेक लगड पारखून घेईन, असे तो बजावतो. माणूस संतापला आहे, पण कायद्याचे भान सुटलेले नाही. पैसे कोणाकडे अडकलेत, देवळात कोणता दस्त ठेवला आहे, हे तो रागाच्या भरातही नीट नोंदवतो.

हे तांबे यायचे दिलमुनहून, म्हणजे आजच्या बहारीनच्या बाजूने. त्याआधी पाचएकशे वर्षे अक्कदच्या सारगोन राजाने आपल्या धक्क्याला मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजे लागतात, अशी फुशारकी शिलालेखात मारली होती. मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, यावर आता बरेचसे एकमत आहे. ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडलेले नक्षीचे अकीक मणी तिकडूनच गेले. इथे एक सावधगिरी मात्र हवी. दिवाळी अंकांतले लेख हडप्पा आणि बाबिलोन यांना शेजारी बसवतात. पण हम्मुराबी राजाचे बाबिलोन मोठे झाले तोवर सिंधूची शहरे ओसरली होती आणि मेलुहाचे नाव व्यापाराच्या कागदांतून गळाले होते. आपले नाते ऊर-अक्कदशी आधीचे आणि बाबिलोनशी नंतरचे आहे. मधली कित्येक शतके कोरी आहेत, आणि ती कल्पनेने भरून काढायचा मोह मी टाळला आहे.

हा मोह आमच्या मीरा-भाईंदरकरांना जरा जास्तच होऊ शकतो. भाईंदर सोडले, वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की तिसरे स्थानक नालासोपारा. जुने शूर्पारक ते हेच. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तिथला बुरुड राजाचा कोट खणला आणि आत स्तूप निघाला. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सोपाऱ्याला मिळाले. बायबलमधले ओफीर, जिथून राजा शलमोनाला सोने येत असे, ते सोपाराच, असे एकेकाळी हिरिरीने सांगितले जाई. पुरावा म्हणावा तर नावातल्या साम्यापलीकडे फारसे काही नाही. खात्रीचे सांगायचे तर इ. स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात सोपारा आणि कल्याण ही दोन्ही बंदरे आहेत. शिवाय भडोचहून तांबे आणि इमारती लाकूड इराणी आखाताच्या टोकाला, युफ्रेटिसच्या मुखाजवळच्या बंदरात जाते, अशीही नोंद आहे. बावेरुला गेलेला कावळा भाईंदरच्या खाडीसमोरून गेला असेल का? गेला असेल. पण तसे लिहून ठेवलेले नाही.

त्यामानाने एकोणिसाव्या शतकातले आपले नाते पक्क्या कागदोपत्री पुराव्याचे आहे आणि त्याकडे मराठीत पुरेसे लक्ष गेलेले नाही. बाबिलोनी लिपी वाचण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा सतरा वर्षांचा लष्करी उमेदवार म्हणून मुंबईला उतरला. त्याच जहाजावर मुंबईचा नवा गव्हर्नर जॉन माल्कम होता. फारसीचा जाणकार असलेल्या माल्कममुळे पोराला इराणचे वेड लागले. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर त्याने बेहिस्तूनच्या कड्यावरचा दारयवहूचा तीन भाषांतला लेख जीव धोक्यात घालून उतरवला. त्या तीन भाषांतली एक बाबिलोनी होती. १८५७ मध्ये, इकडे बंडाची धामधूम चालू असताना, लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एकच लेख चार विद्वानांना स्वतंत्रपणे वाचायला दिला. रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ओपर्ट. चौघांची वाचने बरीचशी जुळली आणि मुकी झालेली भाषा बोलू लागली, हे जगाने मान्य केले.

पुरातत्त्वज्ञ लेयार्डने निमरूदला खणून काढलेल्या शिळाही बसऱ्याहून निघून मुंबईमार्गेच लंडनला गेल्या. १८४८ च्या सुमारास पेट्या मुंबईच्या बंदरात अडकून पडल्या. इथल्या हौशी मंडळींनी त्या परवानगीची फारशी फिकीर न करता उघडल्या आणि आतल्या वस्तू लोकांनी पाहिल्या. शालमनेसरचा प्रसिद्ध काळा स्तंभ त्याच खेपेत होता. तो लंडनच्या आधी मुंबईने पाहिला. पुढे ते जहाज लंकेजवळ वादळात सापडले, तरी स्तंभ वाचला. ही अॅसिरियाची, म्हणजे बाबिलोनच्या उत्तरेकडच्या भावकीची संपत्ती. अॅसिरियन राजवाड्यातल्या काही कोरीव शिळा आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली की दोनेक तासांत त्यांच्यासमोर उभे राहता येते. हे पुस्तक वाचून कोणी तेवढे केले, तरी मला पुरे.

मराठी विद्वानांनीही या विषयात उडी घेतली होती. लोकमान्य टिळकांनी १९१७ मध्ये भांडारकरांच्या गौरवग्रंथात ‘खाल्डियन आणि भारतीय वेद’ या विषयावर इंग्रजी निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सापाचे विष उतरवायचे एक सूक्त आहे. त्यातले तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला हे शब्द संस्कृतात धड बसत नाहीत. ते बाबिलोनकडून आले, तैमात म्हणजे तिकडची आदिम सागरदेवता तियामत, असे टिळकांनी मांडले. आज त्यांतले सगळे टिकत नाही. पण मंडालेच्या तुरुंगातून सुटून तीन वर्षे झालेली, होमरूलच्या धांदलीत माणूस बुडालेला, आणि तो वेदातले काही शब्द बाहेरचे असू शकतात असे निःशंक लिहितो! तेवढ्या मोकळेपणाने आज कोणी लिहील असे मला वाटत नाही. त्यांच्या आधी, १८९६ मध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ आला. आपल्या ज्योतिषात परक्यांचे किती आणि आपले किती, हा वाद त्यांनी आकडेमोडीच्या बळावर लढवला. ज्यांना बाबिलोनकडे पंचांगातून जायचे आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

आता त्या समाजाकडे. हम्मुराबीच्या कायद्याचा काळा दगड १९०१-०२ च्या हिवाळ्यात फ्रेंच उत्खननात सापडला, तोही बाबिलोनमध्ये नाही तर इराणातल्या सूसा इथे. एलामच्या राजाने तो लूट म्हणून तिकडे नेला होता. सव्वादोन मीटर उंचीच्या त्या दगडावर २८२ कलमे मोजतात. शाळेच्या पुस्तकात त्यांतले डोळ्याच्या बदल्यात डोळा एवढेच येते. मीरा रोडचा वाचक मात्र २२९ वे कलम आधी उघडील, असा माझा अंदाज आहे. बांधणाऱ्याने घर कच्चे बांधले, ते पडले आणि मालक मेला, तर बांधणाऱ्याला ठार करावे. पुढचे कलम त्याहून भीषण आहे. मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावे. वाचताना काहींना बरे वाटेल, म्हणून लगेच सांगतो, की अशी शिक्षा प्रत्यक्षात झाल्याचा एकही निवाडा पुढे आलेला नाही. त्या काळच्या खटल्यांचे कागद भरपूर आहेत, पण न्यायाधीश या कलमांचा आधार घेताना जवळजवळ दिसत नाहीत. तो दगड म्हणजे राजाने देवांना आणि पुढच्या पिढ्यांना दिलेला आपल्या न्यायबुद्धीचा दाखला असावा. लोक चालत होते ते रिवाजाने आणि करारांनी.

करारांच्या मुळाशी होते कर्ज. धान्यावर साधारण तेहतीस टक्के आणि चांदीवर वीस टक्के व्याज. पीक बुडाले की शेतकरी सावकाराच्या दारात. ४८ वे कलम सांगते, की वादळाने शेत बुडाले किंवा पाण्याअभावी पीक आले नाही, तर त्या वर्षी कुळाने सावकाराला धान्य द्यायचे नाही, पाटी भिजवून मजकूर बदलायचा आणि त्या वर्षाचे व्याजही नाही. ११७ वे कलम याच्या शेजारी ठेवून वाचायला हवे. कर्जापायी कोणी बायको, मुलगा किंवा मुलगी दिली, तर त्यांनी सावकाराकडे तीन वर्षे राबावे आणि चौथ्या वर्षी सुटावे. म्हणजे माणूस तारण ठेवणे गृहीतच होते. राजाची दया फक्त मुदतीपुरती.

तरीही मधूनमधून राजा पाटी कोरी करी. हम्मुराबीचा खापरपणतू अम्मीसदूका याचा असा एक हुकूम बराचसा शाबूत मिळाला आहे. पोटासाठी काढलेली कर्जे माफ, व्यापारासाठी घेतलेले भांडवल मात्र माफ नाही. कर्जाला विक्रीचा किंवा ठेवीचा मुखवटा चढवून सावकार पळवाट काढतील, हे लिहिणाऱ्या कारकुनाला पुरते ठाऊक होते, त्यासाठी वेगळे कलम आहे. कर्ज फिटले की पाटी फोडत. मराठी वाचकाला इथे १८७५ साल आठवल्याशिवाय राहणार नाही. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि भोवतालच्या गावांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवावर उठण्यापेक्षा त्यांचे रोखे आणि खाती शोधून जाळण्यावर भर दिला. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. कर्ज हे शेवटी एका वस्तूत, कागदात किंवा मातीत, राहते आणि ती वस्तू नाहीशी केली की माणूस मोकळा होतो, हे सुप्याच्या कुणब्याला शिकवायला कोणी गेले नव्हते. फरक इतकाच, की बाबिलोनमध्ये पाटी फोडण्याचा हुकूम वरून येई.

बायकांचे स्थान एका वाक्यात सांगता येत नाही. सिप्पर शहरात सूर्यदेव शमशला वाहिलेल्या ‘नदीतू’ स्त्रियांची वेगळी वसाहत होती. त्या मूल होऊ देत नसत, पण जमिनी घेत, भाड्याने देत, चांदी व्याजाने लावत आणि भावांनी वाटा दाबला तर न्यायालयात जात. चांगल्या घरच्या मुली बहुधा यासाठी निवडल्या जात, की हुंड्याबरोबर जमीन घराबाहेर जाऊ नये. म्हणजे हे स्वातंत्र्य होते की घराण्याच्या मालमत्तेची तटबंदी? त्या स्त्रियांचे दस्त वाचल्यावर मला दोन्ही वाटते. गुलामांची स्थिती सांगायला मात्र असा किंतु लागत नाही. त्यांच्या केसांची ठेवण ठरलेली होती आणि मालकाला न विचारता ती उतरवणाऱ्या न्हाव्याचा हात तोडावा असे कलम आहे.

शाळेबद्दल थोडक्यात. ती बहुधा कोणाच्या तरी राहत्या घरात भरे. मुले घरी बोलत अक्कदी भाषा आणि शाळेत घोकत सुमेरी, जी कित्येक पिढ्यांपूर्वी बोलण्यातून गेली होती. चुकले की छडी. वेदपाठशाळा ठाऊक असलेल्याला यात नवल वाटणार नाही. याच शाळांतून निघालेल्या एका लहानशा गोल पाटीवर चौरसाचा कर्ण काढला आहे आणि दोनचे वर्गमूळ साठमानात इतके अचूक दिले आहे, की फरक दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत दिसत नाही.

साठमान म्हटले की घटका आठवते. दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळे. हे तिकडून आले का, यावर विद्वानांत जुंपलेली आहे आणि मी तिथे पडत नाही. अधिक महिन्याची गंमत मात्र सांगण्याजोगी आहे. चांद्र महिने आणि ऋतू यांची सांगड घालायला त्यांनाही अधूनमधून महिना वाढवावा लागे. हम्मुराबीचे लार्सा इथल्या आपल्या अधिकाऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. वर्षात तूट पडली आहे, तेव्हा येणारा महिना दुसरा उलूलू म्हणून नोंदवा. लगेच पुढे, तश्रीतू महिन्यात भरायचा सारा आता दुसऱ्या उलूलूतच भरावा. महिना अधिक झाला म्हणून वसुली महिनाभर पुढे जाणार नाही!

वर्ष सुरू होई वसंतात, निसान महिन्यात, आपल्या चैत्राच्या आगेमागे. नव्या वर्षाच्या अकीतू उत्सवात बाबिलोनच्या मर्दुक देवाच्या देवळात पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेई, त्याच्या थोबाडीत मारी आणि कान धरून त्याला देवापुढे बसवी. आपण शहराचे काही वाईट केले नाही, असे राजाने सांगायचे. मग चिन्हे परत मिळत आणि पुन्हा एक थप्पड. डोळ्यांत पाणी आले तर देव प्रसन्न. या विधीची उपलब्ध पोथी बरीच उशिराची आहे, तेव्हा हम्मुराबीनेही अशी थप्पड खाल्ली असेल असे खात्रीने म्हणू नये.

माझ्या आवडीचे प्रकरण शेवटून दुसरे आहे, खगोल-रोजनिशींचे. इ. स. पू. सातव्या शतकापासून पहिल्या शतकापर्यंत बाबिलोनचे ज्योतिषी रोज रात्री आकाश पाहून नोंदी करीत. ग्रह कुठे, ग्रहण केव्हा, ढग होते का. आणि महिन्याच्या शेवटी, त्याच पाटीवर, एका शेकेल चांदीला जव किती, खजूर किती, तीळ, हळीव, लोकर किती, शिवाय नदीचे पाणी किती चढले किंवा उतरले. शेकडो वर्षांचा इतका सलग बाजारभाव प्राचीन जगात दुसरीकडे नाही. गुरू कोणत्या राशीत आहे आणि जव किती महागला, हे त्यांना एकाच दमात विचारायचे प्रश्न वाटत. अलेक्झांडर तिथेच, इ. स. पू. ३२३ मध्ये वारला. रोजनिशीत त्याची नोंद आहे ती राजा मेला एवढीच, आणि ढगांच्या नोंदीला लागून.

मीठ हा शब्द या पुस्तकात वारंवार येईल. राई, मुर्धे, भाईंदरच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाडीचे पाणी कोंडून मिठागरे पिकवली. बाबिलोनच्या शेतकऱ्याच्या नशिबी ते न मागता आले. कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे दिले, निचरा झाला नाही आणि जमिनीतले क्षार वर आले. गहू हटला, त्यातल्या त्यात क्षार सोसणारा जव राहिला. सगळ्या ऱ्हासाचे खापर मिठावर फोडणारे अभ्यासक आहेत, त्यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. पण शिरोळ तालुक्यातली क्षारपड झालेली उसाची राने पाहिलेल्या माणसाला त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही.

बाबिलोनच्या नेबुखद्रेझर राजाने इ. स. पू. ५९७ मध्ये आणि पुन्हा दहाएक वर्षांनी यरुशलेमहून ज्यूंना बाबिलोनला पकडून आणले. ते तिथे रुजले, शेती-व्यापार करू लागले, आणि त्यांतले अनेक सुटका झाल्यावरही राहिले. अडीच हजार वर्षांनी त्या इराकी ज्यूंपैकी डेव्हिड ससून बगदाद सोडून मुंबईला आला. ससून डॉकवर मासळी घ्यायला जाणारी उत्तनची कोळीण आणि पुण्यातल्या ज्यूंच्या लाल देवळावरून जाणारा रिक्षावाला यांना या वाटेची कल्पना असायचे कारण नाही.

झुलत्या बागेला वेगळे प्रकरण दिलेले नाही, हे वाचकांनी माफ करावे. नेबुखद्रेझरने आपल्या बांधकामांबद्दल विटाविटांवर लिहून ठेवले, बागेबद्दल अवाक्षर नाही. पुरातत्त्वज्ञ कोल्डेवेने १८९९ पासून १९१७ पर्यंत बाबिलोन खणले, तरी बाग ठामपणे हाती लागली नाही. ती अॅसिरियातल्या निनेवेची असावी, असे संशोधक स्टेफनी डॅली यांचे प्रतिपादन आहे. ते मला पटण्याजोगे वाटते.

सनावळ्यांबद्दल एक सूचना. हम्मुराबी गादीवर आला ते वर्ष कोणी इ. स. पू. १८४८ देतो, कोणी १७९२, कोणी १७२८. हा छपाईचा घोळ नव्हे. अम्मीसदूकाच्या काळात शुक्राच्या उदयास्ताच्या नोंदी केलेली एक पाटी आहे. शुक्राची तशी स्थिती ठराविक वर्षांनी पुन्हा येते, म्हणून त्या नोंदी ५६ किंवा ६४ वर्षे मागेपुढे सरकवूनही जुळतात. या पुस्तकात सर्वत्र मधला, १७९२ चा हिशेब धरला आहे. इ. स. पू. ७४७ नंतरच्या तारखांना ही अडचण नाही, त्या वर्ष-महिन्यासकट घ्याव्यात.